ऊसतोड कामगारांच्या मुलांना भेटायला परदेशातून येताना

नोव्हेंबर लागला की फोन सुरू होतात. न्यू जर्सीहून, लंडनहून, दुबईहून. "आमचं मंडळ तुमच्या वसतिगृहाला मदत करतं. नाताळच्या सुट्टीत भारतात येतोय. एक दिवस मुलांना भेटायचं आहे, जमेल का?" बहुतेक वेळा आम्ही हो म्हणतो. येणाऱ्यांबरोबर त्यानंतर जे बोलणं होतं ते दरवेळी जवळजवळ सारखंच असतं, म्हणून ते सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे. आमचं काम बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात, ऊसतोड कामगारांच्या मुलांसोबत चालतं. उदाहरणं तिथलीच आहेत. पण तुमचं मंडळ मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या एखाद्या वसतिगृहाला मदत करत असेल, तरी यातलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

आधी ही मुलं कोण, ते नीट समजून घ्या

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या कोरडवाहू भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला जातात. कोणी कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरच्या कारखान्यांवर, कोणी थेट कर्नाटकात बेळगाव, बागलकोटकडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती टनावारी तोडून फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा टनाचा दर ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एका टनात किती मोळ्या बांधाव्या लागतात आणि त्या डोक्यावरून गाडीत कशा चढवतात, हे एकदा पाहिलं की या दराचा अर्थ कळतो. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की माणसं गावी परततात.

मुलाला सोबत नेलं तर त्याची शाळा सुटते. उसाच्या फडावर धाकटं भावंड सांभाळायचं, पाणी आणायचं, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करायचे, यात पाच महिने जातात. मागे ठेवलं तर ते आजी-आजोबांकडे राहतं, नाहीतर वसतिगृहात. शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ मध्ये राज्याने संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं मंजूर केली. त्याशिवाय लोकवर्गणीवर आणि परदेशातल्या मराठी मंडळींच्या मदतीवर चालणारी आमच्यासारखी ठिकाणं आहेत.

थोडक्यात, या मुलांना आईवडील आहेत. ते पाच महिने दूर असतात आणि मुलांवर त्यांचा जीव असतो. पाहुण्यांच्या तोंडी "अनाथ मुलं" हे शब्द आले की मोठी मुलं मान खाली घालतात. तुमच्या भेटीचं एकच माप आम्ही धरतो: मुलाचं त्याच्या स्वतःच्या माणसांशी असलेलं नातं तुमच्या येण्याने बळकट होतं की पातळ होतं? पुढचं सगळं यातून निघतं.

ही काळजी काही आमच्यापुरती नाही. नेपाळ आणि कंबोडियात पाहुण्यांच्या पैशावर चालणारी कितीतरी "अनाथालयं" उभी राहिली. तिथे ठेवलेल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. पाहुण्यांना भेटायला मुलं हवीत, म्हणून खेड्यांतून मुलं आणली गेली. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही पालकांच्या छायेबाहेर वाढणाऱ्या मुलांविषयीच्या ठरावात अशा स्वयंसेवी पर्यटनाला आळा घालायला सांगितलं. तुमचा हेतू चांगला आहे, यात मला शंका नाही. पण चांगल्या हेतूने येणाऱ्यांच्या गर्दीवरच हा धंदा वाढला, हेही तितकंच खरं आहे.

कधी यायचं: तुमची सुट्टी आणि मुलांचं वर्ष

तारखेचा घोळ सगळ्यात जास्त होतो, म्हणून यावर जरा थांबते.

अमेरिकेतल्या कुटुंबांना जून-जुलै सोयीचा असतो. त्या वेळी आमच्याकडची बहुतेक मुलं आपापल्या घरी असतात. आई खुरपणीला, बाप पेरणीच्या मागे, मूल गावच्या शाळेत. वसतिगृहाच्या खोल्यांना कुलूप असतं. पाहुण्यांना दाखवायला म्हणून मुलांना घरून बोलावून आणणारी संस्था भेटली, तर तिच्यापासून सावध राहा. जूनमध्ये येणार असाल तर आमच्या ताईंसोबत दोन-तीन गावांत जा, आईवडिलांना त्यांच्या ओसरीवर भेटा. मला विचाराल तर हीच भेट सगळ्यात चांगली. मूल आपल्या आईच्या पदराआडून तुमच्याकडे बघतं, चहा त्याच्या घरचा असतो, आणि पाहुणे तुम्ही असता.

दिवाळीनंतरचे पहिले पंधरा-वीस दिवस कृपा करून येऊ नका. ट्रॅक्टर नाहीतर ट्रक गावातून निघतो, त्यात भांडी, सरपण, शेळी, धाकटं मूल, आणि मागे वसतिगृहाच्या फाटकाशी मोठं मूल उभं असतं. त्यानंतरच्या रात्री आमच्यासाठी फार जड असतात. पहिली-दुसरीतली मुलं जेवत नाहीत, कोणी अंथरूण ओलं करतं, एखादं मूल चालत निघतं. अशा वेळी नवं प्रेमळ माणूस येऊन दिवसभर कडेवर घेऊन संध्याकाळी निघून गेलं, तर त्या मुलाच्या वाट्याला आठवड्यात दुसऱ्यांदा तेच येतं.

नाताळची सुट्टी ठीक असते. तोवर मुलं रुळलेली असतात, थंडीत खेळायला दम असतो, शाळाही चालू असते. शाळा चालू असणं महत्त्वाचं, कारण मग तुमच्यासाठी दिवस बदलावा लागत नाही. तुम्ही शाळा सुटल्यावर यायचं. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांचे, तेव्हा नको. मार्च सरता सरता पाण्याचेही हाल सुरू होतात आणि पाहुण्यांना लागणारं पाणी मुलांच्या वाट्यातून जातं.

आणखी एक. प्रत्येक वसतिगृहात घरच्या फोनची एक संध्याकाळ ठरलेली असते. आईवडील अंधार पडल्यावर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीवर, परततात, रेंज असेल तिथे जाऊन फोन लावतात. ती संध्याकाळ कोणती हे आधी विचारा आणि ती सोडून दुसरी तारीख घ्या.

संस्था तपासताना

मंडळ मदत देतं म्हणजे तपासणी झालीच असेल, असं धरून चालू नका. तुम्ही प्रत्यक्ष जाणार आहात, तेव्हा चार प्रश्न फोनवर थेट विचारा. किती मुलांचे आईवडील हयात आहेत, आणि मुलं वर्षातून किती दिवस घरी असतात? रात्री मुलींच्या खोल्यांपाशी कोण झोपतं? मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण आहे का, आणि तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना माहीत आहे का? पाहुणे मुलांसोबत एकटे राहू शकतात का? शेवटच्या प्रश्नाला "हो, काही हरकत नाही, आपलीच मुलं आहेत" असं उत्तर आलं तर तो आपुलकीचा पुरावा समजू नका. चांगली संस्था इथे ठाम नाही म्हणते.

कागदपत्रांचं म्हणाल तर काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. शाळेला जोडलेल्या वसतिगृहाची परवानगी वेगळ्या खात्याची असू शकते. कोणत्या खात्याची, हे विचारा आणि कागद पाहा. खरी संस्था याने दुखावली जात नाही.

व्हिसा, दाखले आणि पैसे

भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न नाही. ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) कुटुंबासह येऊन भेटता येतं, मात्र पत्रकारिता किंवा संशोधन करायचं असेल तर ओसीआय असूनही वेगळी परवानगी लागते. वसतिगृहावर माहितीपट बनवू किंवा प्रबंधासाठी मुलांच्या मुलाखती घेऊ, असं मनात असेल तर ते निघण्याआधी महिनोन्‌महिने सांगा. परदेशी जोडीदार किंवा मित्र ई-टुरिस्ट व्हिसावर येत असतील, तर त्यावर जास्तीत जास्त एक महिना, कोणत्याही मोबदल्याविना, स्वयंसेवी काम करायला मुभा आहे.

पोलीस दाखला प्रत्येक प्रौढाने आणावा. ब्रिटनमध्ये परदेशात मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र मिळतं. अमेरिकेत एफबीआयकडून स्वतःच्या नोंदींचा उतारा मागवता येतो. यूएईत पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला मिळतो. "आम्ही तुमच्या अध्यक्षांचे नातेवाईक आहोत" हे दाखल्याच्या जागी चालत नाही. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. मुलांना इजा करणारे लोक बहुधा ओळखीतून आणि विश्वासातूनच आत शिरतात.

मुक्काम तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी लॉजवर करा. पुण्याहून बीडला गाडीने पाच-सहा तास लागतात, म्हणून "एक रात्र वसतिगृहातच झोपतो, मुलांसारखं राहू" असा आग्रह होतो. तो मान्य करू नये, असंच मी इतर संस्थांनाही सांगते. परदेशी पासपोर्टवाला मुक्कामी राहिला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते ही एक अडचण. मुलांच्या झोपायच्या जागेत अनोळखी मोठं माणूस नसावं, हे त्याहून मोठं कारण.

पैशांबद्दल फार गैरसमज आहेत. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, मग तो ओसीआय कार्डधारक मराठी माणूस का असेना, विदेशी योगदान ठरते आणि तिला एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान नियमन कायदा, लागू होतो. परदेशात नोंदलेल्या मंडळाचे पैसेही त्यातच येतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे संस्थेच्या नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. एका संस्थेने घेतलेले पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यालाही तेव्हापासून बंदी आहे. म्हणून निघताना पाकीट काढून "हे असू द्या मुलांसाठी" म्हणत नोटा हातात ठेवू नका. आम्हाला त्या परत कराव्या लागतात आणि दोघांनाही अवघड होतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली रक्कम मात्र विदेशी योगदान धरली जात नाही. त्यासाठी संस्था पासपोर्टची प्रत मागते, ती द्या.

बॅगेत काय आणायचं

शक्यतो काही नाही. सत्तर मुलांच्या घरात दहा जणांना रिमोटची गाडी मिळाली की साठ जणांचा आठवडा खराब होतो. एखाद्या मुलाचा वर्षाचा खर्च तुम्ही उचलत असाल, तर फक्त त्याच्यासाठी काही आणायचा मोह होणारच. तो आवरा. बाकीच्या मुलांसमोर ते मूल "अमेरिकावाल्यांचं" होऊन बसतं, आणि त्याची आई सुट्टीत त्याला बाजारातून आणते ती वही त्याला कमी वाटू लागते. मला हे दुसरं फार लागतं.

द्यायचंच असेल तर संस्थेला यादी मागा आणि बीडच्या किंवा तालुक्याच्या बाजारातून घ्या. डिसेंबरात चादरी आणि स्वेटर लागतात. चपलांचे नंबर आम्ही देऊ. सॅनिटरी पॅड वर्षभर लागतात आणि त्यांची आठवण फार थोड्या देणगीदारांना होते. मुलींच्या न्हाणीघराला आतून लागणारी कडी, अंगणात दिवा, पाण्याची टाकी, सौर बंब, या वस्तूंचे फोटो चांगले येत नाहीत, पण मुलांचा रोजचा दिवस याच बदलतात. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे स्वयंपाकीण मावशींचा आणि रात्रीच्या ताईंचा पगार. या दोघी टिकल्या तर मुलं टिकतात. दरवर्षी माणसं बदलली तर कितीही देखणी इमारत असली तरी मूल आतून कोणाला धरत नाही.

जुने कपडे नकोत. चॉकलेटं नकोत. खाऊ हवाच असेल तर स्वयंपाकघराला विचारून सगळ्यांसाठी एक वेळ शिरा नाहीतर गुलाबजाम करू, तुम्हीही पंगतीत वाढायला या.

स्वतःच्या मुलांना तयार करताना

परदेशात वाढलेली तुमची मुलं सोबत असतील तर निम्मं काम घरीच होतं. "बघ, तुला किती मिळतं आणि यांना काहीच नाही," हे दाखवण्यासाठी त्यांना आणू नका. इथल्या मुलांना हे बरोबर कळतं. आपल्याकडे कोणी धडा म्हणून बघतंय हे ओळखायला भाषा लागत नाही.

त्याऐवजी त्यांना सांगा की ऊस कसा तुटतो, साखर कुठून येते, आणि हे काम करणाऱ्यांची मुलं आपल्याच वयाची आहेत. महाराष्ट्राचा नकाशा काढून बीड आणि कोल्हापूर दाखवा. थोडं मराठी येत असेल तर इथे ते सुधारतंच. आमच्याकडची मुलं न हसता पुन्हापुन्हा सांगतात. लगोरी, विटीदांडू, कबड्डी, लंगडी यांतला एक तरी खेळ शिकून या, किंवा शिकायची तयारी ठेवून या. फोन आणि घड्याळं गाडीत राहू द्या.

भेटीचा दिवस

सहा-आठ जणांपेक्षा जास्त नको. साडेचार-पाचला, शाळा सुटून मुलांनी तोंड धुऊन खाऊ खाल्ल्यावर या. स्वागताला लेझीम, हार, "पाहुण्यांचं शब्दसुमनांनी" वगैरे नको, असं आधीच कळवा. नाहीतर हौशी शिक्षक चार दिवस मुलांकडून नाच बसवून घेतात. सत्कार हवाच असेल तर स्वयंपाकीण मावशींचा करा.

ओळख साधी करून द्या. मुलं ताई, दादा, काका, मावशी म्हणतील. "आम्हाला आई म्हण" किंवा "मी तुझी अमेरिकेतली आई" असलं काही, कितीही भरून आलं तरी, बोलू नका. त्यांची आई त्या क्षणी सांगलीकडच्या एखाद्या फडात मोळी उचलत असते.

काय विचारायचं हाही प्रश्न येतो. "आईची आठवण येते का?" हे तर नकोच. येतेच, आणि अनोळखी माणसासमोर ती काढून दाखवायची नसते. वडील पितात का, कर्ज किती, लग्न ठरलंय का, हेही नको. मुलांना माहीत असलेल्या गोष्टी विचारा. बैलाचं नाव काय? पाचटाची कोपी कशी बांधतात? गावच्या यात्रेत काय असतं? बाजरीची भाकरी थापता येते का? फडावर जाऊन आलेल्या मुलांना ऊस, बैल, ट्रॅक्टर, पाऊस यांची इतकी माहिती असते की तास पुरत नाही. ज्या भेटीत मूल शिकवतं आणि पाहुणा शिकतो, ती मुलांना पुढेही आठवते. नंतर ती आपापसात त्याबद्दल बोलतात, हे मी पाहिलं आहे.

इंग्रजी किंवा कोडिंग एका दुपारी शिकवायला निघू नका. तुम्ही डॉक्टर, दंतवैद्य, अभियंता, लेखापाल असाल तर ते कसब मोठ्या माणसांना द्या. दातांची तपासणी करायची तर संस्थेमार्फत रीतसर ठरवून आणि पुढच्या उपचारांची सोय लावून. नुसती "कीड लागली आहे" अशी यादी देऊन गेलात तर त्या यादीचं आम्ही काय करायचं? लेखापाल मित्राने आमच्या कारकुनाबरोबर दोन दिवस बसून हिशेबाची घडी बसवून दिली, तर त्याचा उपयोग वर्षभर होतो.

स्पर्शाबद्दल स्पष्ट बोलते. मूल हात धरायला आलं तर धरू द्या. स्वतःहून ओढून मांडीवर घेऊ नका, गाल ओढू नका. सगळं अंगणात, सगळ्यांदेखत. खोलीत, न्हाणीघराकडे, गाडीत बसवून फिरवायला, दुकानात न्यायला, कुठेही एका मुलाला घेऊन जायचं नाही. ज्याचा खर्च तुम्ही उचलता ते मूलही यात आलं. त्याला भेटायचं ते सगळ्यांमध्ये, आणि त्याची इच्छा असेल तर. काही मुलांना नको असतं. त्या मुलाला बळेच पुढे ढकलणाऱ्या कर्मचाऱ्याला तुम्हीच थांबवा.

दीड-दोन तास पुष्कळ होतात. अंधाराच्या आत निघा. निघताना "पुढच्या वर्षी नक्की येतो" हे वाक्य टाळा. मुलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

फोटो

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्ही भेटता ती मुलं त्या कायदेशीर व्याख्येत येत असोत वा नसोत, नियम तोच पाळा. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस हेही प्रसिद्ध करणंच आहे.

मंडळाच्या कार्यक्रमात दाखवायला फोटो हवेच असतात, हे मी समजू शकते. तर मग एकच माणूस, संस्थेने नेमलेला, ठरलेल्या दहा मिनिटांत फोटो काढेल. आईवडिलांना फोन करून विचारलेलं असेल, मुलालाही विचारलेलं असेल. शाळेच्या नावाची पाटी आणि गणवेशावरचा बिल्ला फोटोत नको. रडणारं मूल नको. मुलींचे जवळून घेतलेले फोटो नकोत. भाकऱ्यांची चळत, चित्रांची भिंत, नवी पाण्याची टाकी, खेळणाऱ्यांच्या पाठी, यांतूनही काम दिसतं. फोटोसोबत मुलाची "करुण कहाणी" लिहू नका. दहा वर्षांनी तेच मूल नोकरी शोधताना स्वतःचं नाव शोधेल, तेव्हा त्याला काय सापडावं याचा विचार करा.

एखाद्या मुलाने काही सांगितलं तर

क्वचित घडतं, पण घडतं. बाहेरचं माणूस उद्या निघून जाणार, म्हणून मूल त्याच्याजवळ बोलून जातं. कोणी मारतं, कोणी नको तिथे हात लावतं, परीक्षा झाली की लग्न आहे.

तेव्हा शांतपणे ऐका. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका. "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. म्हणा, "तू सांगितलंस हे बरं केलंस. यात मदत करतील अशा माणसांना मला सांगावं लागेल." खोदून प्रश्न विचारू नका. कोणी, कुठे, किती वेळा हे विचारण्याचं काम प्रशिक्षित माणसांचं आहे, आणि तुमच्या प्रश्नांनी पुढचा तपास बिघडू शकतो. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, त्याच दिवशी, तारीख-वेळ घालून लिहून काढा. संस्थेच्या बालसंरक्षण जबाबदार व्यक्तीला लगेच सांगा.

बोट संस्थेतल्याच कोणाकडे असेल तर संस्थेत चर्चा करत बसू नका. थेट १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा नुसती शंका असली तरी ती पोलिसांना कळवणं पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ ने प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं गुन्हा आहे. तुम्ही परदेशी नागरिक आहात, चार दिवसांनी तुमचं विमान आहे, याने त्यात फरक पडत नाही. बालविवाहाची कुणकुण लागली तरी १०९८ वरच कळवता येतं. हंगामावर जाण्याआधी मुलगी एकटी मागे कशी ठेवायची, या धास्तीपोटी इकडे लग्नं उरकली जातात. अशी एखादी बातमी वेळेवर पोचली तर एक मुलगी शाळेत राहते.

आरोप झालेल्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका आणि मुलाला आपल्या गाडीत घेऊन निघू नका. दोन्हीने मुलाचाच धोका वाढतो.

जमलं तर फडावर जा

हे मी प्रत्येक गटाला सुचवते आणि थोडेच जण करतात. पुण्या-कोल्हापूरकडे परतताना एक संध्याकाळ आमच्या कार्यकर्त्यासोबत आईवडिलांच्या कोपीवर जा. दिवसा नको; टनावर मजुरी असते, तुमच्याशी बोलत थांबलेला अर्धा तास त्यांच्या पैशातून जातो. खाडा झाला तर वर कापूनही घेतात. अंधार पडल्यावर, चूल पेटल्यावर जा. सोबत मुलांनी दिलेली चित्रं, पत्रं, गुणपत्रिका घ्या. आई ते कागद किती वेळ हातात धरून बसते ते बघाल. मुकादमाशी बोलायचं काम कार्यकर्त्यावर सोडा. मजुरीचा, उचलीचा विषय तुम्ही काढलात तर त्रास त्या जोडप्याला होतो.

परतीचा निरोप, आवाज मुद्रित करून का होईना, कार्यकर्त्याच्या फोनवर वसतिगृहात पोचतो. त्या रात्री मुलं तो पुन्हापुन्हा लावायला सांगतात. भेट कमी आणि निरोप्याचं काम जास्त, असं झालं तरी चालेल.

परत गेल्यावर

मुलांना तुमचा नंबर, इन्स्टाग्राम, पत्ता देऊ नका. मोठ्या मुलांनी मागितला तरी नाही. पत्र लिहायचं तर संस्थेच्या पत्त्यावर, सगळ्या गटाला, आणि वर्षातून एक-दोनदा नेमाने. एकदाच लांबलचक लिहून गप्प होण्यापेक्षा चार ओळी दरवर्षी आलेल्या बऱ्या.

खर्च उचलता त्या मुलाने मधेच वसतिगृह सोडलं, कारण आईवडिलांनी यंदा गावातच काम मिळवलं आणि ते घरी राहिले, अशी बातमी आली तर मदत बंद करू नका. कितीतरी देणगीदार इथे नाराज होतात. "आमचं मूल गेलं" म्हणतात. मूल आपल्या घरी गेलं, हे तर आमच्या कामाचं यश. ती रक्कम त्याच गावातल्या त्याच्या शाळेच्या खर्चाला, सायकलला, नाहीतर सगळ्या वसतिगृहाला लावायची परवानगी मंडळाकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.

आणि मंडळाच्या सभेत भेटीचं वर्णन सांगताना दोन गोष्टी आवर्जून मांडा: रात्रीच्या ताईंना पगार किती मिळतो, आणि पुढच्या तीन वर्षांसाठी त्याची तरतूद झाली आहे का. दौऱ्याची तारीख ठरवायची तर त्या उत्तरानंतर ठरवा.